अंगदरावांच्या नावाचं इंग्रजी

इंग्रजी शिकवणं अंगदला टेंपो मागं घेण्याइतकं सोपं वाटायचं. आरशात बघायचं, मागं कोणी उभं नाही ना एवढं पाहायचं, आणि बिनधास्त सोडून द्यायचं. बी.ए.ला इंग्रजीचा पेपर त्याला तीनदा द्यावा लागला होता, पण त्याचा त्याला मुळीच कमीपणा वाटत नव्हता. आपला इंग्रजीचा अभ्यास इतरांच्या तिप्पट झालाय, असं तो टेंपोतल्या लोकांना सांगायचा. लोकांना वेळेवर एमआयडीसीत पोचायचं असायचं, त्यामुळं कोणी वाद घालत नसे.

म्हणून दैवशाला, म्हणजे त्याची बायको, एका संध्याकाळी चेहरा पाडून घरी आली, तेव्हा अंगदनं सगळं ऐकायच्या आधीच मिशीवरून हात फिरवला.

दैवशाला जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत चाळणीच्या मशीनवर बी निवडायची. दिवसभर नुसती धूळ. संध्याकाळी तोंडाला बांधलेला पांढरा रुमाल सोडला की तो मातकट झालेला असायचा, आणि रात्री खोकला तिला झोपू द्यायचा नाही. त्याच कंपनीत काचेपलीकडं एक खोली होती. तिथं बी ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि त्यातलं किती उगवलं ते पाहायचे. जेवणाच्या सुट्टीत दैवशाला काचेला नाक लावून ते हिरवे कोंब बघत राहायची. आता त्या खोलीत एक मदतनीस हवी होती, कायमची, आणि सुपरवायझर राधेश्यामजींनी दैवशालाचं नाव सुचवलं होतं. फक्त, बाहेरचे पाहुणे ती खोली बघायला येतात, म्हणून थोडंफार इंग्रजी यायला पाहिजे होतं. ते तपासायला हैदराबादहून एक मॅडम येणार होत्या.

"मला न्हाई जमायचं," दैवशाला म्हणाली. "मला परक्या मानसापुढं मराठीत बोलता येईना. मॅडमला पाह्यलं की माही दातखीळच बसंल."

"अगं, इंग्रजी म्हंजे पीस ऑफ केक."

"काय?"

"पीस ऑफ केक. म्हंजे लई सोपं. याला म्हन्तात इडियम. इंग्रज मानूस सरळ बोलतच न्हाई, सगळं इडियममधी बोलतो. इडियम आले की इंग्रजी आलं, बाकी सगळं भरताड."

हे ज्ञान अंगदला कुठून मिळालं हे कोणालाच माहीत नाही. पण कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या उषाबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, ते ताबडतोब पटलं. लेकाचं बोलणं त्यांना कायमच ताबडतोब पटायचं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. अंगद मोबाईलमधून इडियम काढायचा, दैवशाला भाकरी थापता थापता ते म्हणायची, आणि सकाळपर्यंत पाटी कोरी. त्यात एकाच शब्दाचे दोन-दोन अर्थ निघायला लागले तेव्हा तर तिनं हातच टेकले. लाइट म्हणजे उजेड आणि लाइट म्हणजे हलकंसुद्धा. बँक म्हणजे पैशाची, आणि नदीचा काठ तोही बँकच.

"त्यांच्याकडं शब्दांचा दुष्काळ पडल्ता का?" उषाबाईंनी विचारलं. "एकाच भगुन्यात वरण अन् खीर कामून शिजवून राह्यले?"

अंगद उठून टेंपो पुसायला गेला.

अशातच कुंभार पिंपळगावला नात्यातलं एक लग्न निघालं. तिथं नवरीला नाव घे म्हणाले, तर ती लाजून गप्पच. मग बायकांनी दैवशालाला पुढं ढकललं. परक्या माणसापुढं दातखीळ बसणारी हीच बाई, पण उखाणा म्हटला की तिच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. एकावर एक उखाणे, आणि प्रत्येकाच्या शेपटाला अंगदरावांचं नाव. आचारीसुद्धा झारा तसाच हातात घेऊन ऐकायला बाहेर आला. पंगतीत बसलेल्या अंगदचा घास हातातच राहिला. जिला एवढे उखाणे तोंडपाठ आहेत, तिला इडियम का पाठ होत नाहीत? कारण इडियममध्ये नवऱ्याचं नाव नाही! इंग्रजांची चूक त्याच्या बरोबर लक्षात आली.

परतीच्या वाटेवर टेंपोतच पहिला उखाणा तयार झाला.

"पीस ऑफ केक म्हणजे काम लई सोपं,
अंगदरावांच्या दारात लावली मिरचीची रोपं."

सकाळी उठल्या उठल्या विचारलं, तर एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं नाही. मग काय, उखाण्यांची रांगच लागली. जुळवायची दैवशाला आणि कौतुक व्हायचं अंगदचं, कारण नाव त्याचं होतं.

उखाणा म्हटला की दार अडवणं आलंच. नवी सून उंबऱ्यावर आली की नणंदा दारात हात आडवे लावून उभ्या राहतात, नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. अंगदनं तीच रीत शिकवणीला लावली. दैवशाला पाणी घेऊन आली की स्वयंपाकघराच्या दारात उषाबाई हात आडवा घालून उभ्या. "बँक?" त्या विचारायच्या. डोक्यावरचा हंडा सावरत दैवशाला म्हणायची,

"बँक म्हणजे पैशाची, अन् बँक म्हणजे नदीचा काठ,
अंगदरावांची नि माझी शहागडला पडली गाठ."

मग हात खाली यायचा. हळूहळू गल्लीतल्या बायकांनाही नाद लागला. शेजारची सोनूबाई तर रोज यायची आणि आपल्या नवऱ्याचं, कडूबाचं नाव घालून तेच उखाणे म्हणायची. किराणा दुकानाच्या दारात, पिठाच्या गिरणीत, जिथं म्हणून चौकट असेल तिथं बायका दैवशालाला अडवायला लागल्या. शेवटी शेवटी तर समोरचं दार बंद दिसलं की तिच्या तोंडून आपोआप इंग्रजी बाहेर पडायचं. एकदा घरात कोणी नसताना कपाटाची कडी घट्ट बसली, तर तिनं कपाटालासुद्धा नाव घेऊन दाखवलं.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना अंगदनं मोबाईलमध्ये वाचलं, "किक द बकेट. म्हंजे मरनं."

उषाबाईंच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली.

"माह्या लेकराचं नाव असल्या शब्दाच्या शेजारी?" त्या म्हणाल्या. "बिलकुल न्हाई."

"मी तर न्हाईच घेनार," दैवशाला म्हणाली.

"अगं, इंग्रजीत मेल्यानं काही होत न्हाई," अंगद म्हणाला. पण त्याचा आवाज चांगलाच बारीक झाला होता. खरं सांगायचं तर दोघींनी नाही म्हटल्यावर सगळ्यात मोठा सुस्कारा त्यानंच सोडला.

तिथंच थांबले असते तरी चाललं असतं. पण उषाबाईंना कुठलीच गोष्ट वाया गेलेली आवडत नाही, शिळी भाकरीसुद्धा नाही.

"असं करा," त्या म्हणाल्या, "तेवढ्यापुरतं कडूबाचं नाव घाला. तो गेटवरचा वॉचमन हाये, त्याच्याजवळ काठी असती. यम आला तरी तो इचारपूस केल्याशिवाय आत सोडनार न्हाई."

नेमकी त्याच वेळी सोनूबाई विरजण मागायला दारात उभी होती.

"असं का, मावशी?" सोनूबाई म्हणाली. "तुमच्या लेकराला आयुष्य, अन् माह्या मालकाला बकेट?"

अंगद समजूत घालायला पुढं झाला आणि त्यानं बकेट म्हणजे खरी बकेट नसते हे सविस्तर सांगितलं. त्यामुळं सोनूबाईला जे अर्धवट कळलं होतं ते पूर्ण कळलं. ती विरजण न घेताच निघून गेली. किक द बकेट सगळ्यांनी सोडून दिलं, पण दोन्ही घरांचा अबोला काही सुटला नाही. आणि कडूबा वॉचमन होता तो दैवशालाच्याच कंपनीत.

मुलाखतीच्या सकाळी दैवशाला इस्त्रीची साडी नेसून टेंपोत पुढं बसली. "ह्यो चान्स गेला की पुन्हा चाळनीच," एवढंच ती वाटेत बोलली. अंगदनं कधी नव्हे ते टेंपोतली गाणी बंद ठेवली.

गेटवर कडूबा काठी आडवी धरून उभा होता.

"नाव?" त्यानं विचारलं.

"कडूबा भाऊ, रोज पाह्यतूस ना हिला?" अंगद म्हणाला.

"रोजचं रोज. आज मुलाखत हाये. मोठ्या सायबीन आल्यात. अनोळखी मानूस आत सोडायचा न्हाई, असा हुकूम हाये."

"आम्ही अनोळखी?"

"माह्या नावानं बकेटला लाथा मारनारी मानसं मला वळखीची न्हाईत."

अंगद गयावया करायला लागला. आत मुलाखतीची वेळ झाली होती. दैवशालानं एकदा कडूबाकडं बघितलं, एकदा आडव्या काठीकडं. समोर अडवलेलं दार दिसलं आणि तिची जीभ आपोआप सुटली.

"प्लांट म्हणजे रोप, अन् प्लांट म्हणजेच कारखाना,
अंगदरावांचं नाव घेते, भाऊजी, गेट उघडा ना."

घरी या उखाण्यात 'गेट'च्या जागी 'दार' असायचं आणि भाऊजी तर नव्हतेच. ते तिनं उभ्या उभ्या बसवलं होतं. कडूबानं हसू दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ते मिशीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलं.

"जा वहिनी, जल्दी जा," तो म्हणाला. "ह्याला मातर सोडनार न्हाई."

पण दैवशाला डबा टेंपोतच विसरली होती. अंगद तो उंचावत "डबा, डबा" करत आत घुसला, आणि कडूबा "ए, ए" करत त्याच्या मागं. अंगद थेट ऑफिसच्या खिडकीखाली जाऊन बसला. त्याला ओढून काढायला आलेला कडूबा, आतलं ऐकू येतंय म्हटल्यावर, त्याच्या शेजारीच टेकला.

आत हैदराबादच्या मॅडम होत्या आणि राधेश्यामजी. मॅडमनी इंग्रजीतून विचारलं, तुमच्या कामाबद्दल सांगा. दैवशाला गप्प. मॅडमनी तेच सावकाश विचारलं. दैवशाला गप्पच. भिंतीतल्या काचेतून पलीकडची खोली दिसत होती, कागदाच्या गुंडाळ्यांतून कोंब वर आले होते. ते बघून तिला बोलणं सुचायच्या ऐवजी रडू यायला लागलं. राधेश्यामजी मान खाली घालून पेनाचं टोपण काढायला आणि लावायला लागले. खिडकीखाली अंगदनं कडूबाचं मनगट घट्ट धरलं.

चाळणीचा आवाज फार येत होता, म्हणून मॅडम उठल्या, त्यांनी दार लावून घेतलं आणि दारालाच पाठ टेकवून उभ्या राहिल्या.

दार अडलं!

"ब्रेक द आइस म्हणजे नव्या माणसाचा संकोच मोडायचा,
अंगदरावांचा हात मी कधी नाही सोडायचा."

मॅडमनी राधेश्यामजींकडं पाहिलं. "ये अंगदराव कौन है?"

"हजबंड, मॅडम," राधेश्यामजी कपाळाचा घाम पुसत म्हणाले, आणि त्यांनी उखाणा म्हणजे काय ते हिंदीत कसंबसं समजावलं. मॅडम परत येऊन खुर्चीत बसल्या. पण दार मोकळं झालं तरी आता दैवशालाची गाडी सुसाट सुटली होती.

"और सुनाओ ना," मॅडम म्हणाल्या. "वन्स इन अ ब्लू मून?"

"वन्स इन अ ब्लू मून म्हणजे कधीमधी, कधीतरी,
अंगदराव टेंपो घेऊन वेळेवर येतात घरी."

खिडकीखाली फुगलेली अंगदची छाती थोडी खाली बसली. हा उखाणा त्यानं घरी ऐकलाच नव्हता.

"स्पिल द बीन्स?"

"स्पिल द बीन्स म्हणजे गुपित सांगून टाकलं,
अंगदरावांचं घोरणं मी गल्लीपासून झाकलं."

"झाकलं कुठं?" कडूबा कुजबुजला. "आमच्या घरापस्तोर येतं."

राधेश्यामजी एकेका ओळीचं हिंदी करत होते आणि मॅडम हसत होत्या. हसता हसता त्यांनी सहज विचारलं, "और किक द बकेट?"

दैवशाला थांबली.

राधेश्यामजींनी पुन्हा पेनाचं टोपण काढलं.

"नहीं आता तो कोई बात नहीं," मॅडम म्हणाल्या.

"येतं," दैवशाला हळूच म्हणाली.

"तो बोलो."

ती बोलेना. येतंय पण बोलत नाही, म्हणजे काय समजायचं? मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. दैवशाला काचेपलीकडच्या कोंबांकडं बघत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला नाव न घेता उत्तर देता येत नव्हतं, आणि नाव घेऊन तर द्यायचंच नव्हतं. खोली हातची गेली तरी चालेल, धूळ खाऊ, पण ते नाव त्या शब्दाशेजारी नाही. हे कंपनीत कोणालाच कळलं नाही, पण खिडकीखाली एका माणसाला कळलं. त्या शब्दाला तोही मनातून भीत होता. तरी तो उठला आणि त्यानं खिडकीतून डोकं आत घातलं.

"घे!" अंगद ओरडला. "माहं नाव घे, दैवशाला. मला काही होत न्हाई."

मॅडम दचकून उठल्या. कडूबा मागून अंगदचा सदरा ओढत म्हणाला, "मॅडम, म्या ह्याला आत सोडला नव्हता." राधेश्यामजींनी डोळे मिटले.

दैवशालानं खिडकीत अडकलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. मग पदर सारखा केला, मॅडमकडं वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"किक द बकेट म्हणजे जायचं जग सोडून,
अंगदराव निघालेच, तर आणीन मी ओढून."

हिंदी करायची गरजच पडली नाही. मॅडम टेबलावर डोकं टेकून हसल्या, डोळे पुसले, आणि खिडकीकडं बोट करून म्हणाल्या, "यही है?"

"हाच हाये," दैवशाला म्हणाली. आजवर कोणी तिला इतक्या ठाम आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

मग मॅडमनी कपाटावरची बियाण्याची पिशवी घेऊन तिच्यापुढं ठेवली आणि तिच्यावरचं लेबल वाचायला सांगितलं. बियाणं कुठलं, लॉट नंबर काय, उगवण किती टक्के, कधीपर्यंत वापरायचं. असल्या पिशव्या दैवशालाच्या हाताखालून रोजच जायच्या. तिनं सगळं इंग्रजीत वाचून दाखवलं, कुठंही न अडखळता आणि कुठंही अंगदरावांना मधे न आणता.

"बस," मॅडम म्हणाल्या. "इतना ही टेस्ट था. मेहमान आए तो डरोगी तो नहीं?"

"दार अडवून पाहा," दैवशाला म्हणाली.

दोन दिवसांनी काम सुरू करायचं ठरलं. बाहेर राधेश्यामजींनी अंगदला बाजूला घेतलं. "लेबल वाचता यावं आणि दोन शब्द बोलता यावेत, एवढंच मी सांगितलं होतं. हे इडियमचं कुणी काढलं?" अंगद हातातला डबा पुसायला लागला. तेवढ्यात मॅडमनी कडूबासाठी नवा हुकूम धाडला. मदतनीस बाईंना रोज आत सोडायचं, त्यांच्या नवऱ्याला कधीच नाही.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत बातमी फोनवर कडूबाकडून सोनूबाईकडं, आणि तिच्याकडून गल्लीभर झाली होती. उषाबाईंनी आधी मीठ-मोहऱ्या घेऊन अंगदची दृष्ट काढली, कारण कितीही झालं तरी त्याचं नाव त्या शब्दाशेजारून जाऊन आलं होतं. सोनूबाई पुन्हा विरजणाची वाटी घेऊन आली होती, या वेळी मागायला नाही, द्यायला. दैवशालाला कोणी अडवलं नाही. ती हसत आत गेली आणि चूल पेटवून भाकरी टाकायला बसली.

तिच्यामागून अंगद निघाला, तर दारात दोन हात आडवे. एक उषाबाईंचा, एक सोनूबाईचा.

"आता तू," उषाबाई म्हणाल्या. "बायकोचं नाव घे. अन् इंग्रजीत."

"आई, भूक लागली ना."

"तिलाबी लागायची. डोक्यावर हंडा असायचा तिच्या."

या वेळी आईला त्याचं बोलणं पटलं नव्हतं. अंगदनं तिप्पट अभ्यास आठवून पाहिला. काहीच वर येईना. त्याला येत होते ते सगळे उखाणे त्याच्याच नावाचे होते, आणि दैवशालाच्या नावाला जुळेल असं त्यानं आजवर काही शोधलंच नव्हतं. आतून पिठल्याचा वास यायला लागला. गल्लीतल्या बायका ओट्यावर येऊन बसल्या. कडूबा ड्यूटी संपवून आला आणि काठी टेकवून मजेत उभा राहिला.

"पीस ऑफ," आतून दैवशालानं हळूच सांगितलं.

"पीस ऑफ," अंगद म्हणाला आणि थांबला. "पुढचं सांग की."

"पुढचं लई सोपं हाये," दैवशाला म्हणाली, आणि तिनं त्याच्या ताटावर झाकण ठेवलं.